आधी पैशाची वाट विचारा, मग आकडा

पुण्याच्या कर्वेनगरातून एका ताईंचं पत्र आलंय. त्यातला मुख्य भाग असा:

"मी ६१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. १९९६ साली आम्ही दोघांनी मिळून घेतलेला टू बीएचके आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा टोरांटोला असतो, मुलगी नाशिकला. गुडघे आता जिने चढू देत नाहीत, म्हणून मुलीच्या शेजारच्या इमारतीत फ्लॅट ठरवला. किंमत ६२ लाख. ५ लाख विसार दिलाय, बाकीचे जानेवारीअखेर द्यायचेत.

इथल्या घराचे ९५ लाख सांगितले होते. तीन जणांनी विचारलंय. वाकडचं आयटीतलं जोडपं ९२ लाख म्हणतं, पण आधी त्यांचा वाकडचा फ्लॅट विकला जायला हवा. एक व्यापारी गृहस्थ ८६ म्हणतात, त्यातले २० रोख आणि कागदावर ६६. तिसरे आमच्याच गल्लीत भाड्याने राहतात, नवरा बँकेत, मुलगी पाचवीत. ते आधी ८६.५ म्हणाले, मग बाथरूमच्या भिंतीची ओल बघून ८४.५ वर आले. त्यांचं ६५ लाखांचं कर्ज मंजूर आहे. कपाटं, किचन ट्रॉली आणि हॉलमधला झोपाळाही त्यांनी मागितलाय. त्यांना मी बोलून गेले, 'बघा, तुम्हालाच देईन.' दुसऱ्या दिवशी ९२ चा फोन आला.

भाऊ म्हणतो, टोकन कुठे घेतलंयस, शब्दाचं काय घेऊन बसलीस. एजंट म्हणतो, व्यापाऱ्याला द्या, महिन्यात मोकळ्या व्हाल. मला भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस जमत नाही. काय करू?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घासाघीस जमत नाही म्हणता, पण पत्रात तुम्ही प्रत्येकाचा पैसा कुठून येणार हे नेमकं लिहिलंय. घर विकणारी बहुतेक माणसं मला नुसता आकडा कळवतात. "९२ आलेत, देऊ का?" एवढंच. तुम्ही अर्धं काम आधीच केलंय, उरलेलं आपण मिळून करू.

पण खरेदीदारांकडे वळण्याआधी तुमच्या स्वतःच्या कागदांचं बघू, कारण तिथे एक गाठ आहे आणि ती सुटल्याशिवाय तुम्ही कोणालाही छातीठोक "हो" म्हणू शकत नाही. घर दोघांच्या नावावर होतं. यजमानांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांचा अर्धा हिस्सा आपोआप तुमचा झालेला नाही. तो तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला गेलाय. सासूबाई त्या वेळी हयात असतील तर त्यांचाही त्यात वाटा येतो, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुमचं नाव असेल, शेअर सर्टिफिकेटवरही चढलं असेल, तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. खरेदीदाराच्या बँकेचा वकील फाईल उघडल्या उघडल्या हेच विचारेल.

याला दोन रस्ते आहेत. दोन्ही मुलांनी मनापासून तयारी दाखवली तर तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, नाहीतर विक्रीच्या कागदावर तिघांनीही सह्या कराव्यात. मला पहिला रस्ता सोयीचा वाटतो. कारण मुलगा अनिवासी असला आणि विकणाऱ्यांत त्याचं नाव राहिलं, तर त्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराला वेगळ्या, बऱ्याच चढ्या दराने करकपात करावी लागते, आणि ती कटकट ऐकून चांगले खरेदीदारही काढता पाय घेतात. हक्कसोडपत्रासाठी मुलगा येऊ शकत नसेल तर टोरांटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवू शकतो. ते महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. या सगळ्यात काही आठवडे सहज जातात. म्हणून मुलाला फोन आजच करा. मुलांना हक्क सोडा म्हणताना संकोच वाटेल, पण जानेवारीची तारीख मुलांनाही माहीत आहे.

आता तिघांकडे येऊ.

व्यापाऱ्यांचं चटकन संपवते. ते ८६ म्हणत असले तरी तुमच्या खात्यात येणारा आकडा ६६ आहे, आणि बोलणी करताना तोच धरायचा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला कायद्याची बंदी आहे, आणि घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. समजा, रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, तुमच्या फ्लॅटचं मूल्य ७४ लाख निघालं. कागदावर ६६ लिहून मुद्रांक शुल्कसुद्धा वाचत नाही, कारण ते दोन्हींपैकी जास्त रकमेवर भरावं लागतं. वर प्राप्तिकर खातं दहा टक्क्यांपर्यंतची तफावत सोडून देतं. ६६ आणि ७४ मध्ये त्याहून जास्त अंतर आहे, म्हणजे कागदावर न दिसलेल्या आठ लाखांवरचा नफाही तुमच्याच माथी. आणि पिशवीतले ते २० लाख घेऊन तुम्ही नाशिकला कोणाला देणार? निवृत्त शिक्षिकेच्या कपाटात २० लाखांच्या नोटा असणं ही रात्रीची झोप घालवणारी गोष्ट आहे. एकट्या राहता तुम्ही. त्यांना नम्रपणे नाही म्हणा, कारण सांगत बसू नका.

एजंट त्यांच्याकडे का ओढतोय, हेही समजून घ्या. समजा, त्याची दलाली १ टक्का आहे. तुम्हाला २ लाख जास्त मिळाले तर त्याचे २ हजार वाढतात. व्यवहार लवकर मिटला तर त्याचे ८५-८६ हजार लवकर हातात पडतात. तो माणूस वाईट असेलच असं नाही, पण त्याची घाई आणि तुमची घाई एक नव्हे. आणि एक विचारते: जानेवारीअखेर पैसे द्यायचेत हे त्याला सांगितलंय का? सांगितलं असेल तर आता तिन्ही खरेदीदारांना ते माहीत आहे असं धरून चला. सांगितलं नसेल तर सांगू नका. "घाई नाही, योग्य माणूस बघतेय," एवढं एक वाक्य पुरे, आणि ते खरंही आहे.

९२ लाखांच्या जोडप्याचं मात्र नीट बघू, कारण भावाचं मन तिथेच अडकलंय आणि थोडं तुमचंही अडकलं असणार.

कागद-पेन घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतचं गृहकर्ज घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येतं. ९२ चे ८० टक्के म्हणजे ७३ लाख ६० हजार. उरलेले १८ लाख ४० हजार त्यांनी स्वतःच्या खिशातून आणायचे. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे आणखी ६ लाख ४४ हजार, वर नोंदणीचे ३० हजार. हे दोन्ही खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. सगळं मिळून साधारण २५ लाख १४ हजार रोकड त्यांच्याकडे हवी.

इथवर ठीक. पण बँक तुमच्या-त्यांच्यात ठरलेल्या किमतीवर डोळे मिटून कर्ज देत नाही. बँकेचा व्हॅल्युअर येतो, इमारतीचं वय बघतो, लिफ्ट नाही हे बघतो, ती ओलही बघतो, आणि त्याचा आकडा कमी निघाला तर बँक तोच धरते. त्याने ८५ लिहिले की कर्ज ६८ लाखांवर येतं. मग त्यांना २४ लाख अधिक पावणेसात लाख, म्हणजे जवळजवळ ३१ लाख उभे करावे लागतील. ते कुठून येणार? वाकडचा फ्लॅट विकून. तो कधी विकला जाणार? कोणालाच ठाऊक नाही. त्या फ्लॅटचा खरेदीदारही कदाचित स्वतःचं घर विकून येणारा असेल. म्हणजे नाशिकच्या तुमच्या घराची किल्ली तुम्ही कधी न पाहिलेल्या एखाद्या माणसाच्या कर्जावर टांगली जाईल.

हे मी ऐकीव सांगत नाही. वडील गेल्यावर आमचं साताऱ्याचं घर विकायला काढलं, तेव्हा एका स्थिर माणसाला बाजूला ठेवून आम्ही दोन लाख जास्त देणाऱ्याला हो म्हटलं. त्याचंही आधी कुठेतरी एक प्लॉट विकून पैसे येणार होते. ५१ हजार देऊन तो गेला आणि मग दर सोमवारी "पुढच्या आठवड्यात" असा फोन. अक्षय्य तृतीयेच्या आधी म्हणाला, नुसता कलश ठेवतो, मुहूर्त चुकायला नको. आईने भोळेपणाने किल्ली दिली. कलशाबरोबर दोन लोखंडी कपाटं आणि एक दिवाणही आत आला, आणि दाराला त्याचं कुलूप लागलं. ते कुलूप निघेपर्यंत आठ महिने गेले. तोवर पहिल्या माणसाने दुसरं घर घेतलं होतं. शेवटी आम्ही आधीच्या दोन्ही आकड्यांपेक्षा कमीत विकलं. आई अजून म्हणते, पैशाचं काही नाही, पण माझ्याच दारासमोर मला परक्यासारखं उभं राहावं लागलं. म्हणून एक गोष्ट पक्की धरा: शेवटचा रुपया खात्यात दिसेपर्यंत ताबा नाही, किल्ली नाही, "थोडं सामान ठेवतो" नाही, कलशसुद्धा नाही. मुहूर्ताची पूजा करायची असेल तर तुमच्या समोर करू देत, नारळ फोडू देत, तुम्ही चहा द्या, आणि दार तुम्हीच लावा.

आता गल्लीतले.

तुम्ही त्यांना "तुम्हालाच देईन" म्हणालात. टोकन घेतलेलं नाही, हे भाऊ म्हणतो ते बरोबर. पण तुम्हाला पत्र लिहावंसं वाटलं ते याच वाक्यामुळे, हे मला वाचताना कळत होतं. शब्द पाळणं आणि पडेल त्या भावात देणं, या दोन गोष्टींची तुम्ही गल्लत करताय. घर त्यांना देण्याचा शब्द तुम्ही दिलात. ८४.५ ला देण्याचा दिलेला नाही. शिवाय ८६.५ वरून खाली ते आले, तुम्ही नाही. त्यामुळे त्यांना पहिली संधी द्या, किमतीबद्दल मोकळेपणाने बोला, आणि त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत बाकी कोणाशी पुढे सरकू नका. शब्द पाळणं म्हणजे एवढंच, आणि एवढं तुम्ही नक्की करा. त्याच गल्लीत ३० वर्षं काढलीत, त्याचं मोल आहेच.

त्यांच्याशी बोलण्याआधी दोन-तीन गोष्टी हाताशी ठेवा.

पहिली, तुमच्या आसपास प्रत्यक्षात घरं कितीला गेली. जाहिरातीतले भाव सोडून द्या, ते सांगणाऱ्याचे असतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. वर्ष, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की नोंदलेल्या दस्तांचे इंडेक्स टू दिसतात, त्यात किंमत आणि क्षेत्रफळ दोन्ही असतं. गावाच्या यादीत कर्वेनगर सापडलं नाही तर हिंगणे बुद्रुक शोधा, तुमच्या भागाचं जुनं महसुली नाव ते आहे. सर्व्हे नंबर तुमच्या १९९६ च्या करारात मिळेल. तुमच्या आणि शेजारच्या इमारतींतले गेल्या दोन वर्षांतले तीन-चार व्यवहार उतरवून घ्या. मुलीला सांगितलंत तर ती एका संध्याकाळी काढून देईल.

दुसरी, क्षेत्रफळ. जुन्या करारांत बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट, लिहिलेलं असतं, आणि खरेदीदार आता कार्पेटनेच, म्हणजे आतल्या वापराच्या जागेनेच, भाव काढतो. मोजणी एजंटवर सोपवू नका. खोलीखोलीत टेप लावून आतली मापं तुम्हीच एका कागदावर लिहा. बाल्कनी वेगळी लिहा. समोरचा "अहो, हा तर ६०० सुद्धा भरत नाही" म्हणाला की तो कागद पुढे करायचा.

तिसरी ती ओल. त्यांनी ओल दाखवून २ लाख उतरवले, आणि तुम्ही बहुतेक ओशाळून गप्प बसलात. ओल लपवायची नाहीच, पण तिची किंमत समोरच्याला ठरवू द्यायची नाही. वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून पाणी येतंय, बाहेरच्या भिंतीतून येतंय की तुमच्याच नळाच्या जोडातून, ते तो सांगेल. वरच्यांकडून गळत असेल तर तुमच्या भिंतीला गिलावा करून उपयोग नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र देऊन आधी ते थांबवावं लागेल. लेखी अंदाजपत्रक घ्या. समजा, त्याने ४५-५० हजार लिहिले. मग तुमचं वाक्य तयार आहे: "ओल आहे, मी नाकारत नाही. दुरुस्तीचे ५० हजार लागतात, हा कागद. एकतर मी करून देते, नाहीतर तेवढे कमी करते." म्हणजे २ लाखांची सूट ५० हजारांवर आली, आणि आवाजही चढवावा लागला नाही.

आणि एक गोष्ट जिच्यात दोघांचंही भलं आहे. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, पुण्यात ७ ऐवजी ६. दोघांच्या नावे घेतलं तर मिळत नाही. ८६.५ लाखांवर हे साडेशहाऐंशी हजार रुपये होतात. त्यांच्या ध्यानात हे आलं नसेल तर तुम्ही सांगा, आणि बायकोच्या एकटीच्या नावे घेतलं तर चालेल का, हे त्यांनी आपल्या बँकेत विचारून घ्यावं. हिशेब बघा. ८४.५ ला दोघांच्या नावे घेतलं तर कर्जाचे ६५ सोडून त्यांना घरचे १९ लाख ५० हजार, शुल्काचे सुमारे ५ लाख ९२ हजार आणि नोंदणीचे ३० हजार, असे २५ लाख ७२ हजार घालावे लागतात. ८६.५ ला तिच्या नावे घेतलं तर जवळपास २७ लाख. तुम्हाला २ लाख जास्त मिळतात, त्यांच्या खिशातून सव्वा लाखाच्या आसपासच जास्त जातात. मंजुरी ६५ ची आहे. पगार बसत असेल तर बँक आणखी दोन-तीन लाख वाढवूनही देऊ शकते, नियमाची ८० टक्क्यांची मर्यादा अजून पुढे आहे.

मग कपाटं आणि ट्रॉली. ती तशीही नाशिकच्या घरात बसणार नाहीत, आणि सोडवून नेण्याचा खर्च वेगळाच. पण उगीच आधीच "घ्या हो, राहू द्या" म्हणू नका. किमतीचं बोलणं एका जागी अडेल, ५० हजारांवर गाडी रुतेल, तेव्हा द्यायला काहीतरी हातात लागतं. त्या वेळी म्हणा, "बरं, आकडा माझा ठेवा, कपाटं, ट्रॉली आणि गीझर तुमचा." लोकांना भिंतीतलं लाकूड रुपयांपेक्षा जास्त दिसतं.

मी तुमच्या जागी असते तर रविवारी सकाळी दोघांनाही घरी बोलावलं असतं, एकट्या नवऱ्याला नाही, कारण घरी जाऊन "हिला पटत नाही" ही पळवाट मग राहत नाही. तुमच्या बाजूने मुलगी असू द्या. भाऊ नको, तो ९२ ९२ करेल. पोहे-चहा झाल्यावर सरळ सांगा: "मी तुम्हाला म्हटलं होतं, आणि तुम्हालाच द्यायचं माझ्या मनात आहे. मला दुसरीकडून तुमच्यापेक्षा बराच जास्त आकडा आलाय, पण त्यांचं घर अजून विकलेलं नाही म्हणून मी थांबलेय. तुम्ही ८७ ला येत असाल तर दसऱ्याला विसार घेते."

हे खरं आहे म्हणूनच बोलायचं. नसलेला खरेदीदार उभा करून भाव वाढवायचा सल्ला मी कोणालाही देत नाही. एका गल्लीत ते दोन दिवसांत उघडं पडतं. ९२ हा आकडा मात्र सांगू नका. विचारला तरी, "त्यांचं त्यांच्यापाशी, तुमचं तुमच्यापाशी."

आणि ८७ म्हणून झालं की गप्प बसा. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल. समोर शांतता पसरली की आपल्याकडच्या बायकांना ती आपणच भरून काढावीशी वाटते, आणि तोंडातून निघून जातं, "म्हणजे थोडं इकडेतिकडे करू." वर्गात प्रश्न विचारून तुम्ही मुलांच्या उत्तराची वाट बघायचात ना, तसंच. ते ८५ म्हणतील, ८५.५ म्हणतील. तुम्ही ओलीचा कागद पुढे करा, शुल्काचा हिशेब दाखवा. ८६.५ ला थांबा. माझ्या मते हा भाव दोन्हीकडे न्याय्य आहे, आणि अगदीच अडलं तर ८६ आणि कपाटं. त्याखाली उतरू नका, "दोन दिवस विचार करते" म्हणून उठा.

खालची रेघ तुम्हाला आधीच माहीत असायला हवी म्हणून सांगते. नाशिकचे उरलेले ५७ लाख, तिथली नोंदणी, सामानाची गाडी, रंग, सगळं धरून तुम्हाला साधारण ६५ लाख लागतील. वरचे २०-२२ लाख तुमच्या म्हातारपणाची ठेव. ८६.५ आणि ९२ मधले साडेपाच लाख त्या ठेवीतले आहेत, हे खरं, आणि थोडे नाहीत. पण जानेवारी चुकली तर नाशिकचे ५ लाख पणाला लागतात, आणि मुलीच्या शेजारचं घरही हातचं जातं. या दोन पारड्यांत मी गल्लीतल्यांकडे झुकते.

वाकडच्यांना तोडून बोलू नका. म्हणा, "तुमचा फ्लॅट विकला जाऊन साठेखत (विक्री ठरल्याचा करार) झालं की कळवा, तोवर माझं घर मोकळं असेल तर बोलू." गल्लीतलं काही कारणाने फिसकटलं तर त्यांच्याकडे जायचं, तेही अटी घालून: विसार किमान ५ लाख, ३० दिवसांत नोंदणीकृत साठेखत, नाही झालं तर तुम्ही मोकळ्या.

भाव ठरला की लगेच कागद. विसार धनादेशाने किंवा थेट खात्यात, एक रुपयाही रोख नाही. पावतीवर एकूण किंमत, साठेखताची तारीख, कर्जाचे पैसे कधीपर्यंत, ताबा कधी, कोणी माघार घेतली तर विसाराचं काय, आणि कोणत्या वस्तू घरासोबत जाणार, हे सगळं लिहा. हक्कसोडपत्र व्हायचंय हेही प्रामाणिकपणे लिहा आणि साठेखताची तारीख त्यानंतरची ठेवा. साठेखत लवकर नोंदवून घेण्याचा आग्रह धरा. फ्लॅटच्या साठेखतावरच पूर्ण मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाच-सहा लाख सरकारजमा झालेला खरेदीदार सहसा मागे फिरत नाही. मूळ कागद तोवर कोणाला देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ करार आणि शेअर सर्टिफिकेट बँकेच्या धनाकर्षाच्या (डी.डी.च्या) बदल्यातच हातातून सोडायचं.

किंमत ५० लाखांच्या वर असल्याने खरेदीदार १ टक्का कर कापून सरकारकडे भरेल. पैसे कमी आले म्हणून घाबरू नका, ते तुमच्या पॅनवर जमा दिसतात, आणि तुमच्या करातून वळते होतात किंवा परत मिळतात. जमा झाले का, ते मात्र तपासा. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार आहे, २००१ सालच्या शासन निर्णयाने. त्यावर "इमारत निधीला देणगी" मागता येत नाही. ते कोण भरणार हे पावतीतच ठरवून टाका, पुष्कळ ठिकाणी निम्मं-निम्मं करतात. भांडवली नफ्यासाठी एकदा सी.ए. कडे जाऊन या. नाशिकचं घर विक्रीच्या आधी वर्षभरात किंवा नंतर दोन वर्षांत घेतलं की त्यात गुंतलेल्या रकमेइतक्या नफ्यावर कर लागत नाही. घर २००१ च्या आधीचं असल्याने १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरायचा पर्यायही तुम्हाला आहे, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला लागतो.

राहिला झोपाळा. त्यांनी मागितला, आणि तुम्ही पत्रात तो कपाटांच्या ओळीत लिहिलात खरा, पण मुलांची नावं लिहिताना येतं तसं तुमचं अक्षर तिथे एकदम नीट, सावकाश झालंय. द्यायचा नसेल तर रविवारपर्यंत तो तिथे टांगलेला राहू देऊ नका. डोळ्यांसमोर हलणारी वस्तू नाकारणं अवघड जातं. शनिवारीच सुताराला बोलवून उतरवून घ्या. छतातल्या कड्या राहू द्या. पितळी साखळ्या मोजून जुन्या चादरीत गुंडाळा, आणि नाशिकच्या हॉलमध्ये स्लॅबला हूक आहे का, हे मुलीला बघायला सांगा. नसेल तर रंग लावायच्या आधी बसवून घ्यावा लागेल.